थंड पाण्यात ७ मिमीचा वेटसूट घालून डाइव्ह करताना नेमकं किती वजन लावावं?

तुम्ही लिहिलंय की कोर्स तारकर्लीला केला, तिथे ३ मिमीच्या सूटमध्ये ४ किलो शिशावर भागायचं. आता कॅलिफोर्नियात माँटेरेला भाड्याचा ७ मिमीचा सूट घातला तर ४ किलोने डोकंसुद्धा पाण्याखाली जाईना. मग दुकानवाल्याने ३२ पाउंड, म्हणजे साडेचौदा किलो शिसं दिलं. त्या शिशाने तळावर धोंड्यासारखे आपटलात, आणि परतताना ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी काही मिनिटं थांबतात, त्या टप्प्याला) थांबता न येता बुचासारखे वर आलात. आता विचारताय, "अजून वजन वाढवू का?"

वाढवू नका, तुमच्या पट्ट्यावरचं वजन जास्त झालंय. माझंही चार वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर अस्संच झालं होतं, आकडासुद्धा ३२ पाउंडच. धक्क्यावरचे सी लायन भुंकत होते आणि मला वाटत होतं मलाच हसतायत.

जास्त वजनाने माणूस वर कसा फेकला जाईल? तर वेटसूटचं निओप्रीन म्हणजे बारीक बुडबुडे कोंडलेलं रबर. ऊब त्या बुडबुड्यांची आणि तरंगणंही त्यांचंच. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो आणि त्याची उचल घटते. तेवढी हवा बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळायच्या फुगणाऱ्या जाकिटात, भरावी लागते, त्याला इलाज नाही. पण गरजेपेक्षा ४ किलो शिसं जास्त असेल, तर त्याच्या भरपाईला आणखी जवळपास ४ लिटर हवा लागते. ही ४ लिटर तुम्ही १५ मीटरवर भरलीत असं समजा. ५ मीटरवर येईपर्यंत ती फुगून साडेसहा लिटरच्या पुढे जाते. त्यात सूटही पुन्हा जाड होत असतो. दोन सेकंद हवा सोडायला उशीर झाला की संपलं, गेलात वर. तारकर्लीच्या कोमट पाण्यात पातळ सूट असतो, बीसीडीत हवा थोडीच असते, म्हणून तिथे ही चूक खपून जाते.

मुद्दा असा की वजन डाइव्हच्या सुरुवातीसाठी ठरवायचं नसतं, शेवटासाठी ठरवायचं असतं. इथे सगळीकडे मिळणारा ॲल्युमिनियमचा ८० चा (८० घनफूट हवेचा) सिलिंडर भरलेला असताना किंचित बुडतो आणि रिकामा होत आला की तरंगायला लागतो, कारण आतली दोन-सव्वादोन किलो हवा तुम्ही श्वासावाटे संपवलेली असते. ५ मीटरवर, सिलिंडरमध्ये ३५ बार (म्हणजे ५०० पीएसआय) दाब उरलेला असताना, बीसीडी पूर्ण रिकामी करून नेहमीसारखा श्वास घेत जागच्या जागी थांबता आलं, तर ते तुमचं वजन. म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही त्या हवेएवढे जड असणारच, ते बरोबरच आहे.

मी ते असं शोधलं. पट्ट्यावर ५ पाउंडांचे मोठे ठोकळे न लावता २-२ पाउंडांचे लावले, साबणाच्या वडीएवढे असतात ते. डाइव्हच्या शेवटी किनाऱ्याजवळ, ५ मीटरवर, जोडीदाराला समोर उभं केलं. बीसीडी रिकामी केली आणि एका हाताने केल्पचा (तळातून वाढणाऱ्या उंच समुद्री शेवाळाचा) देठ नुसता धरून ठेवला, ओढला नाही. एक ठोकळा त्याच्या हातात दिला, तरी मी खालीच. दुसरा दिला, तेच. पाचवा दिल्यावर देठ हातात ताणला गेला, म्हणजे मी वर निघालो होतो. पाचवा परत घेतला. ३२ चे २४ पाउंड झाले, साधारण ११ किलो. पुढच्या डाइव्हला तळाशी बीसीडीत एवढी कमी हवा लागली की आधी मला वाटलं इन्फ्लेटरच (बीसीडीत हवा भरायचं बटण) बिघडलाय. तुम्ही हे कराल तेव्हा जोडीदार अनुभवी असू द्या आणि पाणी शांत.

पृष्ठभागावरची चाचणीही आहे: बीसीडी रिकामी, श्वास निम्मा धरून उभं राहायचं, पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असताना ही चाचणी केलीत तर वर २ किलो मिळवा. शरीराच्या वजनाचे दहा टक्के अधिक दोन-तीन किलो, असा हिशेब लोक सांगतात. पहिला अंदाज म्हणून ठीक आहे, त्याच्यापुढे त्याला किंमत देऊ नका.

आता, सुरुवातीला बुडत का नव्हता? शिसं कमी होतं हे खरं, ७ मिमीला ४ किलो बहुतेक कुणालाच पुरणार नाहीत. पण साडेचौदाही नको होते. कोरड्या सूटमध्ये हवा अडकलेली असते. उतरल्यावर गळ्याशी सूट ओढून पाणी आत घ्या. १२ अंशांचं पाणी पाठीवरून उतरताना आई आठवते, पण दोन मिनिटांत अंगाच्या उबेने ते कोमट होतं. दुसरं, थंडीने आणि धास्तीने आपण छाती भरून ठेवतो. फुफ्फुसात २ लिटर जास्तीची हवा म्हणजे २ किलोची उचल, आणि मग ती मोडायला आपण शिसं लावतो! आणि तिसरं, पाय. खाली जायचं असतं, पण उभ्याने फिन्स हलत राहतात आणि त्याच आपल्याला वर ढकलतात. घोट्यांची अढी घाला, लांब श्वास सोडा, थांबा. माझे दोन-तीन पाउंड तर नुसते पायांनीच खाल्ले होते.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट कोर्समध्ये मला कुणी सांगितली नव्हती. खोलात सूट दबतो, कंबर बारीक होते आणि पट्टा सैल पडून सरकतो. १० मीटरवर पोचलात की एकदा घट्ट करा. सगळे ११ किलो कमरेला बांधले तर पाठ धरते, शिवाय पाय खाली लोंबतात. थोडं शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावरच्या खिशात जाऊ द्या. मात्र संकटात एका हाताने टाकता येईल एवढं वजन कमरेच्या पट्ट्यावर राहिलंच पाहिजे.

आणि हा आकडा कायमचा नाही. स्टीलचा सिलिंडर घेतलात तर दोन-तीन किलो कमी. भाड्याचा सूट जुना, चेपून गेलेला मिळाला तर आणखी कमी. लेक टाहोच्या गोड्या पाण्यात उतरलात तर पुन्हा अडीच-पावणेतीन किलो कमी (ते डोंगरातलं उंचावरचं सरोवर, तिथे किती वेळ खाली राहायचं याची टेबलं वेगळी, त्यात आत्ता शिरत नाही). म्हणून वहीत सूट, सिलिंडर, हुड, शिसं आणि ५ मीटरवर कसं वाटलं एवढं दर वेळी लिहून ठेवा.

तुमच्या पुढच्या डाइव्हसाठी मी २६ पाउंड सांगेन, सगळे २-२ च्या ठोकळ्यांत. आणि थर्मासमध्ये कोमट पाणी न्या, उतरण्याआधी हातमोज्यांत ओतायला.