‘ऑफिसात आहे’ एवढंच सांगू नकोस

सिडको, नाशिक
गुरुवार, रात्री

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझी आई येऊन गेली. चहा गार होईपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, “भाऊजी, दुबईला ऑफिसात लागतोय तो. तुम्ही तिकडे होतात म्हणून विचारायला आले.” मी कागद मागितला. तिने मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्यात इंग्रजीत ‘क्लीनर’ लिहिलं होतं. तिला ते वाचता आलं की नाही कोण जाणे. मी काही बोललो नाही, ते तू बोलायचं आहेस. म्हणून हे पत्र. फोनवर ‘हो काका, हो काका’ करून मोकळा होशील.

मीसुद्धा ऑफिसातच होतो बरं का. 2007 ला गेलो तेव्हा घरी, गल्लीत, सासुरवाडीला हेच सांगितलं होतं. खोटंही नव्हतं म्हणा. मोठ्या इमारतीत रोज संध्याकाळी सहा वाजल्यापासून मध्यरात्र उलटेपर्यंत. फक्त सगळे खुर्च्यांवरून उठून गेले की माझं ऑफिस सुरू व्हायचं. पगार 700 दिरहम, आणि तेव्हा दिरहमाला अकराच्या आसपास रुपये मिळत. इकडे लोकांनी हिशोब लावला तो खुर्चीवर बसणाऱ्याच्या पगाराचा. चुलत बहिणीच्या लग्नाला पन्नास हजार, धाकट्याला मोटारसायकल, देवळाच्या जीर्णोद्धाराला अकरा हजार. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणायचं तर पगार सांगावा लागला असता, आणि पगार सांगायचा तर काम. एजंटापायी काढलेलं कर्ज सव्वा वर्षात फिटलं. या एका शब्दाचं व्याज मी तीन वर्षं भरत होतो.

लाज का वाटते ते मला सांगू नकोस. आपल्याकडे झाडूला जात चिकटलेली आहे, आणि ज्याच्या हातात तो परंपरेने आलेला नाही त्याला तर जास्तच लपवावंसं वाटतं. आमच्या खोलीत आठजण होतो. केरळचा एक बी.ए. झालेला, दोन नेपाळी, एक उत्तर प्रदेशचा पंडित. घरी फोन लावले की खोलीत एकही सफाईवाला नसायचा, सगळेच ‘सुपरवायझर’. कामगारांचा कॅम्प सोनापूरला. नकाशावर त्या भागाचं नाव मुहैसना, सोनापूर हे आपल्या लोकांनी ठेवलेलं. मुंबईकर पोरं ते नाव ऐकून पहिले दोन दिवस गप्पच असायची, त्यांच्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान.

आता कागदांचं बघू. तू बारावी पास आहेस. दहावी झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर लागत नाही, म्हणजे परदेशी कामाला जायची वेगळी सरकारी परवानगी काढावी लागत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तू निघण्याआधी तुझं कंत्राट सरकारदरबारी कोणी वाचणार नाही. ते तुलाच वाचायचंय. एजंटाचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घालून बघ. परवाना असलेल्या एजंटाला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. तुझी आई सांगत होती की सव्वा लाख मागतोय, निम्मे रोख, आणि ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर परमिट करून देऊ’. यावर विचार करायचा नाही. सरळ नाही म्हणायचं. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे गुन्हा आहे, आणि सापडतो तो फडकं हातात असलेला. एजंट तेव्हा इथे नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर चहा पीत असतो. तिकडच्या कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो. मग हे सव्वा लाख कशाचे, एवढं एकदा त्याला विचार आणि त्याचं तोंड बघ.

ऑफर लेटर अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला तिसऱ्या एका भाषेत मिळतं. त्या यादीत मराठी नाही, हिंदी आहे. हिंदी माग आणि सही करण्याआधी दोनदा वाच. एकूण पगाराचा आकडा मोठा दिसतो, त्याकडे बघू नकोस. मूळ पगार किती ते बघ, कारण ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी दोन्ही त्याच्यावर निघतात. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून साचतो, पण वर्ष पुरं झाल्याशिवाय काहीच नाही. आठवड्याला 48 तास, त्यावरच्या तासाला 25 टक्के जादा. ते तास रात्री दहा ते पहाटे चार यांत पडले तर 50 टक्के. यात एक मेख आहे: शिफ्टवर नेमलेल्यांना हे रात्रीचे 50 टक्के लागू नाहीत. म्हणून कंत्राटात ‘शिफ्ट’ हा शब्द कुठे दडलाय ते शोध.

पगार बँकेतून यायला हवा. तशी पद्धत तिथे 2009 ला आली. त्याआधी आम्हाला पाकिटं मिळायची, आणि एकदा तीन महिने मिळालीच नाहीत. पासपोर्टही कंपनीनेच ठेवून घेतला होता. आता कायद्याने त्यांना ठेवता येत नाही. ‘सांभाळून ठेवतो’ असं गोड बोलून मागतील, देऊ नकोस.

हे सगळं बाकीचेही सांगतील तुला. कामाचं मात्र कोणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं की पुसायला काय शिकायचं. मलाही वाटलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात लॉबीत पांढऱ्या संगमरवरावर कॉफीचा डाग दिसला, सुपरवायझर जवळ नव्हता, आणि मी टॉयलेटचं ॲसिड ओतलं. घरी मोरीत ओततो तसं. चर्रकन फेस आला. मला वाटलं, वा, निघतोय. पुसल्यावर कॉफी गेली होती आणि तिथे ताटाएवढा निस्तेज पांढुरका ठसा होता. शहाबादीवर लिंबू सांडून राहिलं की पडतो तसा. तो डाग नव्हताच, दगडाचा वरचा थर खाल्ला गेला होता. पॉलिशवाले बोलवावे लागले आणि माझ्या पगारातून दोन महिने पैसे कापले. तेव्हापासून बाटली उचलली की आधी लेबल, मग जमीन कशाची आहे ते, आणि मग हात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नकोस, एकावर एकसुद्धा ओतू नकोस. क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेटच्या बंद खोलीत आमच्यातल्या एकाने केलं होतं, ‘डबल साफ होईल’ म्हणून. त्याला खोकत खोकत बाहेर ओढून काढला. ब्लीचमध्ये अमोनियावालं काच पुसायचं पाणीही नको.

फडक्यांचे रंग पाठ कर. लाल टॉयलेटचं, हिरवं पॅन्ट्रीचं, निळं टेबलं-खुर्च्यांचं. पिवळं आमच्याकडे बेसिनला होतं, ते जागेप्रमाणे बदलतं, तिथे विचारून घे. मायक्रोफायबरचं फडकं अर्ध्यात दुमड, पुन्हा अर्ध्यात दुमड. आठ बाजू मिळतात. एक बाजू मळली की पालट. आठही झाल्या की धुवायला टाक, बादलीत बुचकळून तेच पुन्हा फिरवायचं नाही. वरून खाली ये, आणि लांबच्या कोपऱ्यातून दाराकडे ये, नाहीतर स्वतःच्याच पावलांच्या मागे पुसत बसशील. टेबलाखाली कागद पडलेला दिसला तर तो टेबलावर ठेव. पेटीत नाही तो कचरा नाही.

आणि जमीन घासायचं सिंगल डिस्क मशीन. पहिल्यांदा चालू केलंस की ते तुला घेऊन भिंतीवर जाईल. जोर लावून काही होत नाही. हँडल जरासं उचललं की ते उजवीकडे जातं, दाबलं की डावीकडे. बोटभर फरक पुरतो. मला ते जमायला चार रात्री लागल्या, आणि जमलं त्या रात्री मी रिकाम्या पॅसेजमध्ये उगाच दोन चकरा जास्त मारल्या. ते येणाऱ्याला पुढे मशीन ऑपरेटर म्हणून घेतात, बादलीवाला बादलीवरच राहतो. ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असते, तेव्हा तुझं सगळ्यात जड काम असेल. गालिचे, काचा, सगळं तेव्हाच. सण-वाराचं घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

माझं बिंग कसं फुटलं ते तुला कोणी सांगितलं नसेल. 2010 ला सुट्टीवर आलो होतो. ओट्यावर दूध उतू गेलं. मी सहज फडकं घेतलं, दोनदा दुमडलं, पुसलं, पालटलं, पुसलं. काकू बघत उभी. म्हणाली, “हे कुठं शिकलात?” मी म्हटलं, ऑफिसात. ती काही बोलली नाही. रात्री जेवताना मग मीच सगळं सांगितलं, आकड्यासकट. दुसऱ्या दिवशी तिने धाकट्याला सांगून टाकलं की मोटारसायकलचे उरलेले हप्ते तूच भर. तीन वर्षांत मला जमलं नव्हतं ते.

तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. मी गेलो नसतो तर हे घर झालं नसतं, आणि अंबडला आज ज्या दोन कारखान्यांची सफाई मी घेतलीय तीही मिळाली नसती. तिकडून पैसे पाठवायला लागलास की इथल्या बँकेत एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं खातं, काढ, त्यावरच्या व्याजाला इथे कर नाही. ते नंतर बोलू.

रविवारी सकाळी सातला अंबडला ये. कारखाना बंद असतो, मशीन रिकामं असतं. जुन्या चपला घाल. येताना ऑफर लेटरची प्रिंट काढून आण, मोबाईलवरचा फोटो नको. आणि आईला त्यातला तो शब्द वाचून दाखवल्यावरच ये. मी तिला फोन करून विचारणार आहे.

तुझा,
काका