जावा वेब अ‍ॅप्लिकेशनमधील दुवे कसे लिहावेत

सातपूरच्या कार्यालयातील टॉमकॅट या जावा सर्व्हरवर 'रूट' म्हणून, म्हणजे सर्व्हरच्या मूळ पत्त्यावर, व्यवस्थित चालणारे तुमचे द्राक्षबाग-नोंदणीचे अ‍ॅप्लिकेशन ग्राहकाच्या सर्व्हरवर चढवताच त्यातील चित्रे आणि सीएसएस नाहीशी होतात, याचे कारण बहुधा दुव्यांच्या सुरुवातीच्या स्लॅशमध्ये असते. ब्राउझर त्या स्लॅशचा अर्थ सर्व्हरचे मूळ असा घेतो, तर तिथे अ‍ॅप्लिकेशन 'द्राक्ष' अशा एखाद्या कॉन्टेक्स्ट पाथखाली (पत्त्यातील अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतःच्या भागाखाली) बसलेले असते. वॉर फाइलचे, म्हणजे अ‍ॅप्लिकेशनच्या एकत्र बांधलेल्या फाइलचे, नाव बदलले की टॉमकॅटवर सहसा हा पाथही बदलतो, म्हणून तो दुव्यात हाताने कधीही लिहू नका. जेएसपीमध्ये (सर्व्हरवर एचटीएमएल तयार करणाऱ्या पानात) जेएसटीएल या तयार टॅगसंचातला 'यूआरएल' टॅग वापरा. स्लॅशने सुरू होणाऱ्या पत्त्याला तो कॉन्टेक्स्ट पाथ स्वतः जोडतो.

नुसता स्लॅश काढल्याने प्रश्न सुटत नाही. 'बाग/नोंद' या पत्त्यावरची विनंती सर्व्हलेटने (विनंत्या हाताळणाऱ्या जावा क्लासने) आतल्या आत जेएसपीकडे फॉरवर्ड केली, तरी ब्राउझरला त्याची खबर नसते. तो 'चित्रे' फोल्डर 'बाग'च्या खालीच शोधतो आणि ४०४ ('सापडले नाही') हे उत्तर मिळवतो. याहून फसवी बाब अशी, की अशा फॉरवर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या रिक्वेस्ट डिस्पॅचरला दिलेला आरंभीचा स्लॅश अ‍ॅप्लिकेशनच्या मुळापासून मोजला जातो, पण ब्राउझरला नव्या पत्त्यावर पाठवणाऱ्या सेंड रिडायरेक्टला दिलेला सर्व्हरच्या मुळापासून. तेव्हा रिडायरेक्ट करताना 'गेट कॉन्टेक्स्ट पाथ'मधून मिळालेले मूल्य आधी जोडा. सीएसएसमधील चित्रांचे पत्ते मात्र निश्चिंतपणे सापेक्ष (आरंभी स्लॅश नसलेले) ठेवा, कारण ते त्या सीएसएस फाइलच्या जागेवरूनच मोजले जातात.

काम सोपवण्यापूर्वी तेच वॉर एकदा 'रूट' या नावाने आणि एकदा वेगळ्या नावाने चढवून प्रत्येक पान उघडून पाहा.