नोकरी हातात असतानाच करायची तयारी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कपातीच्या बातम्या वाढल्या की नोकरीबद्दलची पत्रंही वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची नोकरी अजून सुरू आहे, आणि तयारीला हीच वेळ सगळ्यात चांगली.

प्रश्न : ऑफिसमध्ये कपातीची कुजबुज आहे, जाहीर काहीच नाही. बायोडेटा आत्ताच करायला घेऊ का?

बायोडेटा नंतर, आधी कागदपत्रं. बायोडेटा नोकरी गेल्यावरही लिहिता येतो. कागदपत्रं तेव्हा हाताशी असतीलच असं नाही. कपात जाहीर झाली की अनेक ठिकाणी त्याच दिवशी लॉगिन बंद होतं. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पगारवाढीची आणि बढतीची पत्रं, वार्षिक मूल्यमापन हे सगळं त्या लॉगिनच्या आत अडकतं, आणि पुढची कंपनी रुजू करून घेताना नेमकं हेच मागते. या आठवड्यातच ती उतरवून स्वतःकडे ठेवा. स्लिपांना पासवर्ड असेल तर तोही सोबत लिहून ठेवा. कर्मचारी क्रमांक जोडून केलेला पासवर्ड वर्षभराने आठवत नाही.

उतरवायची ती फक्त तुमच्या नावाची कागदपत्रं. ग्राहकांच्या याद्या, अंतर्गत अहवाल, कोड, किमतींचे तक्ते ही कंपनीची मालमत्ता आहे. त्या फाइली वैयक्तिक मेलवर पाठवल्या तर त्याची नोंद राहते आणि नेमक्या नको त्या वेळी ती तुमच्यासमोर ठेवली जाते.

दुसरं काम दहा मिनिटांचं. लिंक्डइन, ऑनलाइन अभ्यासक्रम, प्रमाणपत्रांची संकेतस्थळं यांपैकी कोणतं खातं ऑफिसच्या मेलवर किंवा कंपनीने दिलेल्या मोबाइल नंबरवर उघडलंय ते तपासा आणि स्वतःचा मेल व नंबर टाका. हे राहून गेलं तर ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो आणि खातं कायमचं हातचं जाऊ शकतं.

तिसरं काम मात्र सवयीचं आहे. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं काढून आठवड्याचं काम लिहायचं : अडचण काय होती, तुम्ही काय केलं, त्याने काय बदललं. आकडे आत्ताच मिळतात, बाहेर पडल्यावर अंदाजच उरतो. गोपनीय रक्कम लिहू नका. टक्केवारी, वेळ किंवा नगांची संख्या पुरते.

प्रश्न : चाळीसेक अर्ज केले, एकही फोन नाही. अनुभव आठ वर्षांचा आहे. चुकतंय कुठे?

आधी एक चाचणी करा. बायोडेटाची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसेल, साधारण तेच भरतीच्या सॉफ्टवेअरला दिसतं. दोन रकान्यांची मांडणी असेल तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळलेली सापडेल. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये असेल तर काही सॉफ्टवेअर तो वाचतच नाहीत. कौशल्यं पट्ट्यांच्या किंवा ताऱ्यांच्या चित्रांनी दाखवली असतील तर तिथे काहीच उमटणार नाही. पेस्ट करून काहीच आलं नाही, तर तुमची पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे. उपाय साधा : एकच रकाना, नेहमीची शीर्षकं, सगळ्या तारखा एकाच पद्धतीने, आणि नाव व फोन पानाच्या मुख्य मजकुरात. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. मजकूर वेगळा काढला की ते शब्द माणसालाही दिसतात आणि अर्ज तिथेच बाद होतो.

चाचणी नीट पार पडली तर दोष वाक्यांत असतो. आठ वर्षं अनुभव असलेल्यांच्या बायोडेटात बहुधा कामाचं वर्णन असतं, कामगिरी नसते. ही ओळ पाहा : ‘ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याची जबाबदारी.’ असं त्या पदावरचा कोणीही लिहील. आता ही : ‘रोज सरासरी ४० तक्रारी, वारंवार येणाऱ्या १२ प्रश्नांची तयार उत्तरं लिहून टीमला दिली, त्यामुळे पहिल्या उत्तराला लागणारा वेळ २ दिवसांवरून ६ तासांवर आला.’ हिच्यात कामाचा आवाका आहे, तुम्ही केलेली गोष्ट आहे आणि परिणाम आहे. मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्नही तिच्यातूनच सुचतो. आकडा नसेल तर ‘आधी काय होतं, नंतर काय झालं’ एवढं तरी लिहा.

एकच बायोडेटा चाळीस ठिकाणी पाठवणं ही तिसरी चूक. चार-पाच पानांचा एक मूळ बायोडेटा ठेवा, ज्यात सगळं असेल. प्रत्येक अर्जासाठी त्यातून दीड-दोन पानं काढा. जाहिरातीत पहिल्या चार अपेक्षा असतील, त्यांचे पुरावे पहिल्या अर्ध्या पानात आले पाहिजेत. तुमच्या कंपनीतलं पदनाम बाहेर कोणाला कळत नसेल तर ते तसंच ठेवून शेजारी कंसात प्रचलित नाव द्या. खरं पदनाम बदलू नका, पडताळणीत फरक सापडतो.

प्रश्न : सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. पुरेल ना?

‘सहा महिने’ हे कशावरून काढलंत, त्यावर ते अवलंबून आहे. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घ्या आणि खर्च तीन भागांत वाटा : थांबवता न येणारा (घरभाडं, कर्जाचे हप्ते, औषधं, शाळेची फी), कमी करता येणारा आणि थांबवता येणारा. पहिला भाग पूर्ण आणि दुसऱ्याचा निम्मा, हा झाला महिन्याचा किमान खर्च. त्यात वर्षातून एकदा येणाऱ्या रकमांचा बारावा हिस्सा मिळवा. विम्याचा वार्षिक हप्ता याच हिशेबातून निसटतो. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपत असेल तर स्वतंत्र विम्याचा खर्चही धरा.

आता आठवड्याभरात हातात येईल एवढीच रक्कम मोजा. मुदतीआधी न मोडता येणारी गुंतवणूक आणि कंपनीकडून यायचा हिशेब धरू नका. तो कधी येईल हे तुमच्या हातात नाही. या रकमेला किमान खर्चाने भागा. उत्तर ६ आलं तरी शोधायला ६ महिने मिळत नाहीत. होकार आल्यानंतर कागदपत्रांची पडताळणी आणि रुजू होण्यात काही आठवडे जातात, पहिला पगार त्याच्याही पुढे महिनाभराने येतो. म्हणजे मोकळेपणाने शोधायला साधारण ४ महिने.

म्हणून टप्पे आजच, डोकं शांत असताना लिहून ठेवा. चार महिन्यांचे पैसे उरेपर्यंत फक्त हव्या त्या पदासाठी प्रयत्न. तीन उरले की कंत्राटी कामंही घ्यायची. दोन उरले की कमी पगार, खालचं पद, दुसरं गाव यांपैकी काय चालेल तेही आधीच ठरवलेलं असावं. घरातल्यांना हे आकडे दाखवाच. खर्च एकट्याने कमी होत नाही.

प्रश्न : ओळखीतून नोकऱ्या मिळतात म्हणतात. मला कोणाकडे काही मागायला फार संकोच वाटतो.

संकोच कमी होईल अशी एक गोष्ट सांगतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवलं की नोकरीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक येते. जवळच्या लोकांना तेच ठाऊक असतं जे आपल्यालाही ठाऊक असतं. जुना सहकारी, कधीतरी एकत्र काम केलेला पुरवठादार, दुसऱ्या शाखेतली व्यक्ती वेगळ्या वर्तुळात वावरतात. २०२२मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही अगदी घट्ट आणि अगदी विरळ ओळखींपेक्षा मधल्या, काहीशा सैल ओळखी जास्त उपयोगी ठरल्या.

‘काही असेल तर सांगा’ हा निरोप मात्र वाया जातो. तुमच्यासाठी काय शोधायचं ही सगळी मेहनत तो समोरच्यावर टाकतो. असं लिहून पाहा : ‘नमस्कार. गोदाम बदललं तेव्हा आपण एकत्र काम केलं होतं. मी आता खरेदी विभागातली कामं पाहतोय, साठा-नियोजनाचा पाच वर्षांचा अनुभव आहे. तुमच्याकडे या कामाची रचना कशी आहे, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं बोलता येईल का? या किंवा पुढच्या आठवड्यात, तुमच्या सोयीने.’ यात नोकरी मागितलेली नाही, नकार द्यायलाही अवघड जात नाही. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग थांबा. बोलणं झालं तर ‘आणखी कोणाशी बोलू?’ हे विचारून मगच फोन ठेवा.

लिंक्डइनवर नोकरी शोधत असल्याची खूण फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. ती तुमच्याच कंपनीतल्या भरतीवाल्यांपासून लपेल याची पूर्ण हमी लिंक्डइनही देत नाही, हे धरून चाला.

प्रश्न : मीटिंगला बोलावून ‘आत्ताच राजीनामा लिहा, तुमच्याच रेकॉर्डसाठी बरं’ असं म्हणाले तर?

तिथे बसून सही करू नका. ‘वाचून उद्या कळवते’ असं म्हणा आणि कागदाची प्रत मागा. राजीनामा आणि कपात यांचे परिणाम वेगळे असतात. अनेक देशांत राजीनामा दिला की भरपाई किंवा बेरोजगारी भत्त्याचा हक्क जातो. लेखी विचारायच्या गोष्टी : शेवटचा दिवस कोणता, नोटिशीचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे किती व केव्हा, विमा कोणत्या तारखेपर्यंत, अनुभवपत्रावर कारण काय लिहिणार, आणि पडताळणीसाठी फोन आला तर उत्तर कोण देणार. रक्कम मोठी असेल तर सहीआधी कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा. तुमच्यावर घाई केली जात असेल, तर कागद सावकाश वाचण्याचं ते आणखी एक कारण.

प्रश्न : नोकरी गेली हे मुलाखतीत कसं सांगू?

दोन वाक्यांत आणि खरं. ‘कंपनीने आमचा विभाग बंद केला, त्यात माझं पद गेलं. सगळं काम पुढच्या टीमकडे सोपवून मी बाहेर पडले.’ एवढं बोलून लगेच समोरच्या कामाकडे वळा. हे मोठ्याने दहा वेळा म्हणून पाहा, कारण अडखळणं शब्दांत नसतं, आवाजात असतं. जुन्या साहेबांबद्दलचं तिसरं वाक्य बोलायचं नाही, ते खरं असलं तरीही.

प्रश्न : दुसरीकडून होकार आलाय. अशा दिवसांत आहे ती नोकरी सोडावी का?

उत्तर तुमचं, पण ते द्यायच्या आधी चार प्रश्न त्यांना विचारा. हे पद नवं आहे की कोणी गेल्यामुळे रिकामं झालं? आधीची व्यक्ती का गेली? पदाला आर्थिक मंजुरी मिळाली आहे का? गेल्या सहा महिन्यांत हे काम कोण करत होतं? चौथ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर काम खरंच आहे का याचीच शंका घ्या. कपातीत नवे लोक आधी जाऊ शकतात, त्यामुळे परीक्षाकाळ (प्रोबेशन) आणि त्या काळातली नोटीस किती दिवसांची, हे नेमणूकपत्रात वाचा. लेखी पत्र हाती येऊन त्यातल्या अटी, विशेषतः पडताळणीची अट, पूर्ण झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोंडी होकार मागे घेतले जातात, आणि अशा काळात जास्तच.

प्रश्न : नोंदणीचे पैसे भरल्यावर नेमणूकपत्र देणार आहेत. भरू का?

नको. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा कोणत्याही नावाने पैसे मागणारी नोकरी खोटीच धरा. आधी छोट्या कामाचे थोडे पैसे खात्यात टाकून नंतर मोठी रक्कम भरायला लावणं हा याच फसवणुकीचा दुसरा प्रकार. खात्री करायची तर त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नको. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधा, तिथे ती जागा आहे का पाहा आणि तिथल्याच नंबरवर फोन करून विचारा. पैसे आधीच गेले असतील तर बँकेला आणि पोलिसांना आजच कळवा.