पगार असला तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो

प्रश्न : ताई, मी खासगी शाळेत शिक्षिका आहे. हातात महिना २२ हजार येतात. आठ वर्षांचा मुलगा माझ्याजवळ असतो. नवऱ्याने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केलाय आणि मुलाचा ताबाही मागितलाय. त्याने नावाजलेले वकील लावलेत. मी ज्या वकिलांना भेटले त्यांची फी मला झेपणारी नाही. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, फुकट वकील फक्त निराधार बायकांना मिळतो. शेजारी म्हणतात, कौटुंबिक न्यायालयात वकील लागतच नाही, आपलं आपण बोलायचं. मी काय करू?

उत्तर : तुमच्या बाईंचं म्हणणं साफ चूक आहे आणि शेजाऱ्यांचं अर्धंच खरं आहे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल ते सांगितलंय. त्यात स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अटच नाही. पगार २२ हजार असो की ५० हजार, तुम्ही पात्र आहात. पगाराची स्लिप पाहून आपल्याला परत पाठवतील या भीतीने कितीतरी नोकरदार बायका अर्जच करत नाहीत आणि दागिने मोडून फी भरतात. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं.

आता शेजाऱ्यांचं. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. घरातली भांडणं वकिलांच्या डावपेचांत अडकू नयेत, समुपदेशकासमोर बसून मिटली तर मिटावीत, असा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण समोरच्याने वकील दिला की चित्र बदलतं. लेखी कैफियत (म्हणजे नवऱ्याच्या अर्जाला तुमचं लेखी उत्तर), पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासणी ही कामं शिकलेल्या माणसालाही एकट्याने जमत नाहीत. म्हणून वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज द्यायचा. दुसऱ्या बाजूला वकील असेल तर परवानगी सहसा मिळतेच. याच कलमात न्यायालयाला न्यायमित्र नेमण्याचीही मुभा आहे. मात्र न्यायमित्र न्यायालयाला मदत करतो, तो तुमचा वकील नव्हे. त्याच्यावर विसंबून राहू नका.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. समन्स, नवऱ्याच्या अर्जाची प्रत, ओळखपत्र, लग्नाचा पुरावा आणि मुलाचा जन्मदाखला घेऊन तिथे जा आणि साधा अर्ज द्या. नियमाप्रमाणे त्यावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. अर्जाची पोच जपून ठेवा. जाणं शक्य नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. दिवस दवडू नका, कारण समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. तारखेपर्यंत वकील नेमला गेला नाही तरी स्वतः हजर राहा, अर्ज केल्याचं न्यायाधीशांना सांगा आणि मुदत मागा. गैरहजर राहिलात तर प्रकरण एकतर्फी चालू शकतं, आणि तुमच्या प्रकरणात मुलाचा ताबा पणाला लागलाय.

वकील मिळाले की त्यांना दोन गोष्टी सांगा. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या अर्जाचा निकाल लागावा, असं कायदाच म्हणतो. मोफत वकील मिळाला म्हणून हा अर्ज सोडू नका. दुसरं, मुलाच्या शाळेच्या फीच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद, पालकसभेच्या नोंदी आजपासून एका फाइलमध्ये लावा. मुलाचं रोजचं पाहतं कोण, हे त्या कागदांवरून दिसतं.

प्रश्न : मला प्राधिकरणाकडून वकील मिळाले. पण ते टायपिंग आणि वरखर्चाचे पैसे मागतात, गेल्या तारखेला आलेही नाहीत. तक्रार केली तर केस बिघडेल का?

उत्तर : नाही बिघडणार. पैसे देऊ नका, दिले असतील तर तसं लेखी कळवा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनुसार पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाला पक्षकाराकडून कोणत्याही रूपात मोबदला घेता येत नाही. कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, प्रमाणित प्रती हे सगळं विधी साहाय्यातच येतं. तक्रार प्राधिकरणाच्या सचिवांकडे द्या. ते स्वतः न्यायिक अधिकारी असतात. वकील बदलून मागायलाही संकोच करू नका.

मी स्वतः पॅनेलवर काम केलंय, म्हणून एक मनापासून सांगते. पॅनेलवरची फी खासगी फीच्या मानाने फारच कमी असते आणि बिल मंजूर होऊन ती हाती पडेपर्यंत बरेच दिवस जातात. तरीही जीव ओतून काम करणारे वकील मी पाहिलेत, पण अशा व्यवस्थेत हुशार वकील टिकत नाहीत. पक्षकाराकडून पैसे मागण्याला ही सबब होऊ शकत नाही. पण शासनाने ही फी वाढवलीच पाहिजे आणि वेळेवर दिली पाहिजे. वकिलाच्या फीत काटकसर केली की त्याची किंमत तुमच्यासारख्या बाईला मोजावी लागते.

प्रश्न : नवरा-बायकोच्या भांडणांसाठी आम्ही कर भरणाऱ्यांनी पैसे का मोजायचे? आणि सगळं बायकांनाच का? माझा पुतण्या टेम्पो चालवतो, महिन्याला १८ हजार मिळतात. बायकोने केस टाकलीय. त्याला कोण वकील देणार?

उत्तर : काका, पैसे का मोजायचे याचं उत्तर राज्यघटनेतच आहे. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९क आलं : गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये, म्हणून शासनाने मोफत विधी साहाय्य द्यावं. ते फक्त फौजदारी खटल्यांपुरतं नाही. आयर्लंडच्या जोहाना एअरी यांना मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून कायद्याने विभक्त व्हायचं होतं, पण वकिलाची फी परवडत नव्हती. त्या स्वतः कोर्टात उभ्या राहू शकतात, असं सरकारने सांगितलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७९ मध्ये ते मानलं नाही. न्यायालयाचं दार नुसतं उघडं असून भागत नाही, आत गेल्यावर आपली बाजू नीट मांडता आली पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. मला तो शंभर टक्के पटतो. मुलाचा ताबा, राहतं घर, महिन्याची पोटगी हे सगळं या न्यायालयात ठरतं, आणि त्याचे परिणाम बहुतेक वेळा त्या भांडणात काहीही दोष नसलेल्या मुलांना भोगावे लागतात.

तुमचा पुतण्याही पात्र आहे. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुणालाही हे साहाय्य मिळतं. त्याचं उत्पन्न दोन लाख १६ हजार होतं. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना तर उत्पन्नाची अटही नाही. उत्पन्नाबद्दल त्याचं शपथपत्र सहसा पुरेसं धरलं जातं. बायकोने पोटगी मागितली असेल, तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागेल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तसं ठरवून दिलंय. टेम्पोच्या कर्जाचे हप्ते, डिझेलचा खर्च, घरभाडं यांचे कागद त्याला आत्ताच गोळा करायला सांगा आणि पुढच्या तारखेच्या आत प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा.