अण्णांचे सगळे फोटो पँटमधले

प्रिय निनाद,

रविवारी जेवताना तू विचारलंस आणि मी "भात घे अजून" म्हणून विषय बदलला. तुझ्या ते लक्षात आलंच असणार. आईने माझ्याकडे असं बघितलं की तो भात शेवटी मलाच वाढून घ्यावा लागला.

तुझा प्रश्न आधी जसाच्या तसा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी तो माझ्या सोयीने फिरवायला नको: "बाबा, मी शाळेत केलीच्या (स्कॉटिश समूहनाच) नाचाला किल्ट घातली तर तू फोटो सगळ्या इंडियाला पाठवलेस. मग अण्णा दोन महिने इथे होते, त्यांचा धोतरातला एकपण फोटो का नाही? तूच सांगितलेलंस ना त्यांना, पँट घाला म्हणून?"

हो, मीच. माझ्याच वडिलांना.

तोंडाने सांगायला लागलो की मी भाषण देतो असं तुझं म्हणणं आहे, म्हणून लिहून देतोय. अडेल तिथे आई वाचून दाखवेल.

हा प्रश्न कुठून आला तेही मला माहीत आहे. शनिवारच्या एडिंबरातल्या बसमधून. खालचे आजोबा (तू त्यांना सरळ नावाने हाक मारतोस, मला अजून जमत नाही) आपल्या पुढच्याच सीटवर होते, नेहमीच्या खाकी किल्टमध्ये, म्हणजे इथल्या पुरुषांच्या त्या गुडघ्यापर्यंतच्या चुण्यांच्या घागऱ्यात. प्रिन्सेस स्ट्रीटला ते गुलाबी पट्ट्या लावलेलं टोळकं चढलं, नवरीच्या मैत्रिणींचं. आधी फोटो, मग तो ठरलेला प्रश्न, आत काय घातलंय. मग एकीने फोन खाली धरला. सगळी बस हसली. खरं सांगायचं तर मीही ओठ आवळले, पण हसूच होतं ते. आजोबांनी किल्टची कड गुडघ्यांमध्ये दाबून धरली आणि लीथ वॉकवर एक स्टॉप आधीच उतरले. आपण दारात पोचून किल्ली काढली तेव्हा ते अजून कोपऱ्यावरून चालत येत होते.

ते मला एकदा जिन्यात म्हणाले होते, लग्नात किल्ट घातली की लोक वा म्हणतात, मंगळवारी दूध आणायला घातली की विचारतात, "लग्न कुणाचं?" किंवा "आज मॅच आहे का?" मरीफील्डला रग्बी असेल तर किल्टवाल्यांनी ट्राम भरून जाते, कोणी वळूनही बघत नाही. पण रोज नेसणारा माणूस म्हणजे लोकांना वाटतं एक तर बॅगपाइप वाजवून पैसे मागणारा, नाहीतर अमेरिकेतून पूर्वज शोधायला आलेला. इनव्हर्नेसच्या एका पबमधल्या पोरांनी 2017 साली किल्ट घालणंच सोडलं होतं, कारण गिऱ्हाइकं, त्यातही बायका, खुशाल हात घालायच्या. गंमत म्हणून. पोरीच्या स्कर्टला कोणी असं केलं असतं तर त्याला कोणी गंमत म्हटलं नसतं.

आणि ही आजची गोष्ट नाही. कलोडनची लढाई तुला शाळेत झाली असेलच, 1746, जिथे हायलँडचे (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले) बंडखोर हरले. त्याच वर्षी लंडनने कायदा केला की हायलँडच्या पुरुषांनी आणि मुलांनी हा पोशाख करायचा नाही. 1747 च्या ऑगस्टपासून तो लागू झाला. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार मळ्यांवर. सूट कुणाला? फौजेत भरती होणाऱ्याला. म्हणजे त्यांच्यासाठी मरायचं असेल तर खुशाल नेसा. 1782 मध्ये तो कायदा उठला. मग 1822 साली चौथा जॉर्ज एडिंबरात आला, लेखक वॉल्टर स्कॉटने सगळा थाट मांडला आणि राजेसाहेब स्वतः किल्टमध्ये, खाली गुलाबी तंग मोजे. ज्या एडिंबराला तोवर हायलँडर म्हणजे ढोरं पळवणारे चोर वाटायचे, तिथेच चाळीस वर्षांत तो दरबारी पोशाख झाला. आपलेही काही कमी नव्हते. हायलँडर पलटणींना आपल्याकडच्या शिपायांनी नाव ठेवलं होतं "घागरा पलटण". त्यातली 78 नंबरची पलटण 1803 च्या ऑगस्टमध्ये आपल्या नगरची पेठ घ्यायला तटाला शिड्या लावून चढली होती. (आता अहिल्यानगर म्हणायचं, माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय.)

बघ, भाषण झालंच. किल्टबद्दल मला इतकं पाठ का आहे, याचा मी कालपासून विचार करतोय. दुसऱ्याच्या कपड्यांचा अभिमान बाळगायला पदरचं काही जात नाही, एवढंच उत्तर सापडलं.

आता अण्णा.

मी 1996 साली पुण्यात इंजिनिअरिंगला लागलो. ॲडमिशनला वडिलांना घेऊन जायचं होतं. मी अण्णांना काहीही सांगितलं नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. मी फक्त चहा पिता पिता म्हटलं होतं, "तिथं सगळ्यांचे वडील पँटमध्ये असतात." तेवढंच. अण्णा बाजाराच्या दिवशी शेवगावला गेले आणि शिंप्याकडे माप देऊन आले. पन्नाशीला टेकलेला माणूस, पहिली पँट. शिंप्याने विचारलं म्हणे, "अण्णा, पोरीकडची मंडळी येणार काय?"

राखाडी टेरिकॉटची पँट होती ती. वरती तोच नेहरू शर्ट आणि टोपी. एसटीत ते सबंध चार तास पाठ ताठ करून बसले, कारण मांडी घालून बसलं तर शिवण उसवेल अशी भीती. मला त्या दिवसातलं कॉलेज आठवत नाही, फी किती भरली आठवत नाही. आठवतो तो फक्त जिना. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं आणि चढताना अण्णांचा उजवा हात दर पायरीला खाली जायचा, सोगा उचलून धरायला. सोगा नव्हताच. हात कापड शोधायचा, सापडायचं नाही, मग मांडीवर पुसल्यासारखा फिरायचा आणि वर यायचा. दोन मजले. मी मागून चढत होतो.

परत येताना नगरच्या स्टँडवर ते संडासात गेले आणि धोतर नेसून बाहेर आले. पँट घडी करून पिशवीत. "आता बरं वाटलं," म्हणाले. मला हसू आलं होतं, तेव्हा सोळा-सतराचा होतो. त्या वयाला सूट द्यायची का, तू ठरव, तू आता तेराचा आहेस.

मग 2024 च्या उन्हाळ्यात ते इकडे यायचे ठरले तेव्हा मी फोनवर म्हटलं, "अण्णा, इथे थंडी वाजते, पँटीच घ्या." जूनमधली थंडी! वारा असतो हे खरं, लीथला तर असतोच. पण मी थंडीचा विचार करत नव्हतो. मी बस डोळ्यापुढे आणत होतो. कोणीतरी फोन काढेल, कोणीतरी पोरगं काहीतरी ओरडेल, अण्णांना कळणार नाही आणि मला कळेल. मी त्यांना वाचवत होतो की मला? दोन्ही, असं म्हणून सुटता येईल. पण तू विचारलंस तेव्हा घास अडकला, त्यावरून काय ते समज.

आणि एक गोष्ट तू त्या दिवशी बोलला नाहीस, पण तुला नक्की आठवत असणार. अण्णा इथे असतानाच, जुलैमध्ये, बंगळूरूच्या एका मॉलमध्ये एका शेतकऱ्याला धोतर नेसलाय म्हणून दारात अडवलं होतं. मुलगा त्यांना सिनेमा दाखवायला घेऊन गेला होता. ताईआत्याने व्हिडिओ पाठवला आणि मी केवढा तापलो! सरकारने तो मॉल सात दिवस बंद करायला लावला तेव्हा मी टाळी वाजवली होती, याच डायनिंग टेबलावर. समोर अण्णा पँट घालून बसले होते. ते म्हणाले, "असंल त्यांचा काय नेम."

आजीला मात्र मी काहीच सांगितलं नव्हतं. ती नऊवारीतच आली, नऊवारीतच किल्ला बघून आली, वरून माझा जुना पफर जॅकेट. रॉयल माइलवर दोन बायकांनी थांबून साडी किती सुंदर म्हटलं, आणि मी तिचे पन्नास फोटो काढले. आपल्यात हे असंच झालंय बघ. पुरुषांनी शंभर वर्षांपूर्वीच पँटी चढवायला सुरुवात केली आणि रीतभात, सण, कापड सगळं बायकांच्या अंगावर टाकून मोकळे झाले. इथे उलटं. इथल्या बायका कशाही येतात, लग्नात देशाचं कापड पुरुषाच्या कमरेला. मला त्याचा थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

तू धोतर नेसावंस असं मला सुचवायचं आहे, असं प्लीज समजू नकोस. मला स्वतःलाच नेसता येत नाही. माझ्या लग्नातलं धोतर शिवलेलं होतं, निऱ्या आयत्या, कमरेला इलॅस्टिक. तुझ्या मामाने ते मंडपात सगळ्यांना सांगितलं होतं.

काल अण्णांना फोन केला. आडून आडून विचारलं, तिकडे तुम्हाला पँट घालायला लावली, राग आला होता का? ते म्हणाले, "कशाचा राग? तू ती आतून मऊ असलेली घेऊन दिली ना, लई झ्याक आहे. रात्रीची लाइट असली की दारं धरायला तीच घालतो. धोतर भिजतं अन् मग गार पडतं." (दारं धरणं म्हणजे रात्री शेताला पाणी देणं. पाटाचं दार एका वाफ्याला उघडायचं, दुसऱ्याला बंद करायचं, हातात बॅटरी, पाय चिखलात.) मी एवढा अपराध घेऊन बसलो होतो आणि ते थर्मल पँटची दुसरी जोडी मागत होते. अर्थात, राग आला असता तरी त्यांनी मला सांगितलं असतं का, हेही आहेच.

मग त्यांनी विचारलं, "तुझा तो खालचा घागरेवाला कसाय?"

तेव्हा मला आठवलं. तू त्या आठवड्यात कॅम्पला गेला होतास. अण्णा घरात रात्री धोतरच नेसायचे आणि सकाळी स्वतः धुऊन मागच्या दोरीवर वाळत घालायचे. पाच वार पांढरंशुभ्र कापड, वाऱ्यावर गलबताच्या शिडासारखं. खालच्या आजोबांनी विचारलं, ही चादर एवढी अरुंद कशी? मी दुभाषा म्हणून खाली गेलो. अण्णांनी सांगून भागेना, तेव्हा वर जाऊन दुसरं धोतर नेसून आले आणि तिथेच गवतावर सोडून पुन्हा पहिल्यापासून नेसून दाखवलं. आत लांब चड्डी होती, काळजी करू नकोस. निऱ्या घातल्या, कासोटा मागे खोचला. आजोबा कमरेवर हात ठेवून बघत होते, जसं कुणी गाडीचं इंजिन उघडल्यावर बघतं. मग त्यांनी आपली किल्ट फिरवून मागच्या चुण्या दाखवल्या आणि म्हणाले, चांगल्या किल्टला आठ वार लागतात.

मी मराठीत सांगितलं. अण्णा वर गॅलरीकडे बघून ओरडले, "ऐकलं का? आठ वार! तुझ्या लुगड्यापेक्षा एकच वार कमी!" आजी पदर तोंडाला लावून हसली. किल्टच्या पुढे लटकणारी ती छोटी पिशवी, स्पोरन, अण्णांना फार आवडली. "चंची अशी पुढं बांधावी," म्हणाले, "सापडती तरी."

दोघांमध्ये आत काय घातलंय हे कोणी कुणाला विचारलं नाही.

तर फोटो आहे. आजोबांच्या बायकोने तेव्हा खिडकीतून काढला होता, तिच्या फोनवर. मी "पाठवा" म्हणालो नाही, का नाही ते वर लिहिलंय. तो अजून त्यांच्याकडे असेल. शनिवारी ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालतात तेव्हा जाऊन माग, तुझं इंग्रजी त्यांना पहिल्या फटक्यात कळतं. आणि जाताना बसचा विषय काढू नकोस.

तुझा,
बाबा