पॉलीहाऊसच्या मातीत स्फुरद ‘अत्यंत जास्त’ आलाय, तरी डीएपी टाकू का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: 10 गुंठ्यांचं पॉलीहाऊस, सहा वर्षं ढोबळी मिरची, दरवर्षी 4 टन कोंबडखत, वरून ड्रिपमधून 12:61:00 (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशच्या टक्क्यांचे). अहवालात स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी 190 किलो. आणि दुकानदार म्हणतो, ‘स्फुरद जागचा हलत नाही, डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) टाकाच.’

नका टाकू. ऑल्सन पद्धतीच्या, म्हणजे पिकाला उपलब्ध स्फुरद मोजणाऱ्या तपासणीत हेक्टरी 25 किलोच्या वर गेलं की आपल्याकडे ते ‘जास्त’ धरतात. तुम्ही त्याच्या सातपटीपुढे आहात.

स्फुरद हलत नाही हे मोकळ्या रानात बरंचसं खरं आहे. काळ्या मातीत चुना त्याला धरतो, बेडसाठी आणलेल्या लाल मातीत लोह. पण धरायच्या जागा मोजक्याच असतात, त्या भरत आल्या की तो पाण्याबरोबर खाली उतरतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 पासून खतांचा प्रयोग चालू आहे. तिथे ऑल्सन स्फुरद किलोभर मातीत 60 मिलिग्रॅमपर्यंत होता तोवर निचऱ्याच्या पाण्यात फारसा दिसत नव्हता, त्यापुढे झपाट्याने वाढला. 60 मिलिग्रॅम म्हणजे आपल्या अहवालाच्या हिशेबात हेक्टरी साधारण 134 किलो. जमिनीप्रमाणे हा आकडा मागेपुढे होतो, पण तुम्ही 190 वर आहात.

आता तुमच्या खताचा हिशेब. कोंबडखतात 2 टक्के स्फुरद धरला तरी 4 टनांतून 80 किलो आला. 10 टन ढोबळी फार तर 20 किलो उचलेल. म्हणजे ड्रिपचं खत न धरताही वर्षाला 60 किलो मातीतच राहतो. खत आपण नत्रासाठी टाकतो आणि स्फुरद न मागता सोबत येतो.

हे मी स्वतः भोगलंय. लागवडीआधी ईसी (मातीतल्या क्षारांचं माप) उतरवायला मी बेडवर दोन-दोन दिवस पाणी सोडायचो. ते मुरमातून पाझरून खालच्या शेततळ्यात यायचं. मार्चपर्यंत तळं हिरवंगार, डिस्क फिल्टर उघडला की चकत्यांमध्ये शेवाळाचा बुळबुळीत थर. मी उन्हाला दोष देत राहिलो. मग बेडशेजारी खड्डा घेऊन 30 ते 60 सेंमीवरची माती तपासली, तेव्हा तिथेही स्फुरद ‘जास्त’ निघाला. पाणी तुंबलं की मातीतली हवा संपते आणि लोहाने धरलेला स्फुरद सुटतो. खतातला सेंद्रिय स्फुरद तर तसाही जास्त फिरतो. आपण मीठ धुतोय असं वाटतं, आणि स्फुरदही धुतला जातो, त्यावरच तळ्यातलं शेवाळ पोसतं.

तुमच्या झाडांची शेंड्याची पानं बारीक राहून शिरांमध्ये पिवळी पडतात म्हणालात, ती बहुधा जस्ताची कमतरता आहे, कारण स्फुरद फार झाला की पिकाला जस्त मिळत नाही. त्यावर आणखी 12:61 सोडणं म्हणजे दुखणं वाढवणं. चिलेटेड झिंकची फवारणी करून बघा.

यंदा डीएपी, 12:61 आणि 0:52:34 तिन्ही बंद. कॅल्शियम नायट्रेट, 13:00:45 आणि 00:00:50 वर पीक निघतं. भीती वाटत असेल तर एका बेडला नेहमीचं खत ठेवा आणि तोडे वेगळे वजन करा. ड्रिप धुवायला फॉस्फोरिक ॲसिड वापरत असाल तर तेही थांबवा, तो स्फुरदच आहे. पीएसबीचा (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचा) डबाही नको. 190 किलो उपलब्ध असताना आणखी मोकळा करून काय मिळवणार? कोंबडखताऐवजी भाताचं तूस, भुसा अशा गोष्टींनी माती भुसभुशीत ठेवा. दोन पिकांमध्ये चाऱ्याचा मका घ्या आणि कापून गोठ्यात न्या, तिथेच गाडू नका. त्याने एका वेळी पाचेक किलोच निघेल, त्यामुळे आकडा खाली यायला वर्षं लागतील.

आधी 0-15, 15-30 आणि 30-60 सेंमी असे तीन वेगळे नमुने पाठवा. तिसऱ्याचा आकडा आला की इथेच लिहा, पाणी किती कमी करायचं ते त्यावर ठरवता येईल.