पूर ओसरल्यावर आधी कोणाच्या दारी जावे

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. मंदिराच्या सभामंडपात मदत केंद्र सुरू झाले आणि गावाने धान्य, कपडे व पैसे आणून दिले, हे वाचून समाधान वाटले. मदत थोडी आणि घरे पुष्कळ असताना सुरुवात कोणापासून करावी, असे तू विचारले आहेस. त्याचेच उत्तर सविस्तर लिहितो.

ज्या घराचे नाव कोणत्याही सरकारी यादीत येणार नाही, त्या घरापासून सुरुवात कर. पाणी ओसरले की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला येतात. आपत्ती निधीच्या नियमांप्रमाणे पिकाचे नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर अनुदान मिळते, परंतु ते सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जमा होते. मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याचे शेत ठरावीक रकमेवर घेऊन, वावर करणाऱ्याने बियाणे, खत आणि फवारणीचा सारा खर्च स्वतः केलेला असतो, तरी त्याचे नाव त्या कागदावर नसते. निंदणाच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईचे तर पीकच नसते. सोयाबीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पाण्याखाली गेली की तिचे काम बंद होते, आणि बुडालेल्या मजुरीचा पंचनामा होत नाही. देवाच्या नावाने गोळा झालेल्या धान्याला सातबारा लागत नाही, म्हणून ते आधी या घरांत पोहोचले पाहिजे.

याचा अर्थ शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडावे असा नाही. त्याला धान्यापेक्षा कागदाची मदत अधिक लागते. भिजलेली पासबुके, आधार कार्डे व सातबारे सावलीत पसरून वाळवा. गाळ काढण्यापूर्वी पडक्या भिंतीचे आणि वावराचे फोटो काढायला सांगा. पीक विमा असेल तर नुकसानीची सूचना द्यावी लागते का आणि किती मुदतीत, हे लगेच विचारून घ्या; नेमके त्याच काळात मोबाईल चार्ज करायला गावात वीज नसते, तेव्हा लिहिता-वाचता येणारी दोन मुले याच कामाला बसव. जमीन खरडून गेली असेल तर पिकाच्या नुकसानीबरोबर तीही पंचनाम्यात स्वतंत्रपणे नोंदवायला लावा, कारण तिचे अनुदान वेगळे असते. पुढे याद्या लागतील तेव्हा सेतू केंद्रावर आधार प्रमाणीकरण करावे लागू शकते. म्हाताऱ्या माणसांबरोबर तिथपर्यंत कोणीतरी जा.

आता धर्माविषयी, कारण तुझे केंद्र मंदिरात आहे. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र हाच त्यांनी धर्म सांगितला, आणि त्याच शिकवणीत मुक्या प्राण्यांना अभय व निराश माणसाला हिंमत देणेही आहे. तुमच्यापैकी प्रत्येकाने श्रद्धेनेच या कामाला निघावे, परंतु घेणाऱ्याकडून त्या श्रद्धेची किंमत मागू नये. आरतीला उभे राहिल्यावर शिधा, घोषणा दिल्यावर चादर, हातात पिशवी देऊन फोटो, यांतले काहीही होऊ देऊ नकोस. देणगीदार फोटो मागतील, त्यांना हिशेबाच्या वहीचे पान दाखव. बौद्ध वस्तीतली, तांड्यावरची किंवा मुसलमान मोहल्ल्यातली माणसे मंदिराच्या पंगतीला येताना अवघडतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांना येण्याचा आग्रह करण्यापेक्षा स्वयंपाक शाळेत हलव, आणि विहाराच्या समितीला, तांड्याच्या नायकाला व मशिदीच्या मंडळींना आपापल्या वस्तीची यादी करायला सांग. त्यांनी केलेली यादी तू पुन्हा तपासू नकोस. जिथे त्यांच्यावर विश्वास ठेवशील, तिथेच ते तुझ्यावर ठेवतील. संध्याकाळची प्रार्थना ज्याला हवी त्याने करावी, आणि तिची वेळ शिधावाटपाच्या वेळेला लागून नसावी.

वस्तूंबाबत थोडेच सांगतो. पिठाची गिरणी बंद असते, म्हणून गहू-ज्वारी देण्यापेक्षा पीठ द्या. त्याबरोबर तूरडाळ, तेल, तिखट-मीठ, माचिस, मच्छरदाणी आणि सॅनिटरी पॅड असावेत. जुन्या कपड्यांचा ढीग मात्र नम्रपणे नाकार, कारण तो उपसण्यातच कार्यकर्ते थकतात आणि घेणाऱ्याला त्यातून कमीपणा येतो. ढोरांसाठी कुटार, म्हणजे भुसा, आणि कडबा आधीच सांगून ठेव. माणसांना पोळी मिळते, परंतु दावणीला बांधलेल्या बैलाची आठवण फार उशिरा होते. विहिरीचा उपसा होऊन जंतू मारणारी टीसीएल पावडर पडेपर्यंत पाणी उकळूनच प्यायला सांगा.

शहरातून श्रमदानाला येणाऱ्या तरुणांबद्दल माझे मत तुला कदाचित आवडणार नाही. विहिरींचा उपसा, गाळ काढणे, पडलेल्या भिंतींची माती हलवणे ही कामे त्यांच्याकडून फुकट करून घेऊ नकोस. गावातल्या मजुरांच्या हाताला काम नसताना तेच काम त्यांना रोजाने दे आणि देणगीतले पैसे तिथे खर्च कर. एका आठवड्याची मजुरी हातात पडली की बाई स्वतःच्या घरी काय लागते ते स्वतः ठरवते, आणि दुकानदाराचे उसने वाढत नाही. शहरातल्या मुलांनी कागदांच्या कामाला बसावे.

पाणी पुन्हा चढू शकते, हेही ध्यानात ठेव. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने 204 माणसे नेली, ती आठवण आमच्या पिढीच्या मनातून जात नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडले, तेव्हा मध्य प्रदेशातल्या पावसाचे पाणी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरले. आपल्याकडे आभाळ मोकळे असले तरी नदी येते. म्हणून मंदिराच्या भोंग्यावरून सूचना कोणी द्यायची, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना व बाळंतिणींना कोणी उचलायचे, याची नावानिशी वाटणी आजच कर.

जमलेल्या पैशांतला काही भाग ऑक्टोबरपर्यंत राखून ठेव. पहिल्या पंधरवड्यात सगळेच मदतीला धावतात. हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळी कोणी नसते, आणि मक्त्याने वावर करणाऱ्याला तेव्हाच बियाणे उधार मिळत नाही. कृषी केंद्राशी बोलून मी दर ठरवून ठेवतो. मक्त्याने वावर करणाऱ्या घरांची नावे आणि प्रत्येकाचे एकर तू येत्या रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका